वाचकांचे प्रश्न : आधी मालकाकडे, मग वेदीपाशी

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. वेस्ट म्हणजे टाकाऊ सूत विकताना दोन वर्षं वजन कमी दाखवून वरचे पैसे मी ठेवले. तीसेक हजार झाले असतील. मालकांना पत्ता नाही. देवाजवळ रोज कबुली देतो, तरी मन थाऱ्यावर नाही. तेवढी रक्कम चर्चच्या अर्पणात टाकली तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. पैसे मालकांचे आहेत, त्यांच्याच हातात पडले पाहिजेत. शेजाऱ्याचं दाबून ठेवलं आणि वर खोटं बोललं, याच प्रकरणाचा निकाल बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे : मूळ रक्कम पुरी, वर पाचवा हिस्सा, ज्याची त्याला. तुमच्या बाबतीत ३०,००० अधिक ६,०००. ही रक्कम परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे (पुरोहिताकडे), कधी जायची तेही बायबलमधलंच गणना हे पुस्तक (५:८) सांगतं : नुकसान झालेल्याच्या वतीने घ्यायला कुणी जवळचा नातलगही उरला नसेल तेव्हा. तुमचे मालक रोज समोर बसतात.

मोशेचं नियमशास्त्र आज कायदा म्हणून लागू नाही, पण माप म्हणून ते फार बारकाईचं आहे. निर्गम २२ मध्ये चोरलेलं जनावर चोराजवळ जिवंत सापडलं तर दुप्पट, मेंढरू कापलं वा विकलं तर चौपट, बैलाला पाचपट. आपणहून कबूल करणाऱ्याला मात्र फक्त पाचवा हिस्सा. परतीची वाट मुद्दाम सोपी ठेवली आहे, असंच आम्ही समजतो. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याचं चौपट देऊ केलं (लूक १९:८), ते त्याच्या आनंदाने. तुमच्यावर ती सक्ती नाही.

एका कागदावर आखून घ्या : तारीख, खरं वजन, दाखवलेलं वजन, फरक, रुपये. आठवत नाही तिथं जास्तीचा आकडा धरा. मग बोलायची वाक्यं तपासा. ‘थोडंफार इकडंतिकडं झालं’ ही कबुली नव्हे. ‘पगार पुरत नव्हता’ हे खरं असलं तरी त्या दिवशी नको. ते आलं की कबुलीची तक्रार होते आणि मालकांना तुमचाच हिशेब ऐकावा लागतो. कुणी सामील असेल तर आपण जाणार आहोत हे त्याला आधी सांगा. कागदावर फक्त आपलं लिहा. पण मालकांनी विचारलंच तर नाव लपवायला नवं खोटं बोलू नका.

घरी बायकोला आधी सांगा, हप्ते तिच्याच संसारातून जाणार आहेत. वकिलाला भेटा, कारण हा गुन्हा आहे आणि मालक पोलिसांत जाऊ शकतात. नोकरीही जाऊ शकते. ‘काढणार नसाल तर सांगतो’ अशी अट घालू नका. एकरकमी जमत नसेल तर पगाराच्या दिवशी ३,००० प्रमाणे बारा हप्ते लिहून द्या, प्रत्येक हप्त्याला सही घ्या.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. रविवारच्या उपासनेत रडून साक्ष दिली जाते, मंडळी गहिवरते, आणि ज्याचं बुडालं त्याला कानोकान खबर नसते. मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. दान वेदीपुढंच ठेवून, ज्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे त्या भावाकडे आधी जा, असं येशू सांगतो. वेदी यरुशलेमेत, ऐकणारे बहुतेक गालीलचे. जाऊन यायचं म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. तेवढा वेळ दान तिथंच पडून राहिलं तरी चालेल, पण भाऊ थांबता कामा नये. तुमच्या पाळकांना जरूर सांगा, त्यांना प्रार्थना करायला सांगा. मालकांपुढं मात्र तुम्हालाच उभं राहायचं आहे.

प्रश्न : आम्ही टॉवेल किलोवर विकतो. पावसाळ्यात माल ओलसर राहतो, वजन वाढतं. हेही खोटं माप का?

उत्तर : कापूस हवेतली ओल धरतोच. व्यापारात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल प्रमाण मानतात. त्यात तुमचा दोष नाही. तोलायच्या आधी पाणी शिंपडलं किंवा वाळवायचं मुद्दाम टाळलं की मात्र बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं २५:१३ लागू : थैलीत दोन वजनं, एक मोठं, एक लहान. तुम्ही सूत घेताना जितक्या कोरड्या मालाचा आग्रह धरता, तितकाच कोरडा टॉवेल काट्यावर ठेवा.