जुळे सोलापुरात घर आहे, रोज 40 किलोमीटर इलेक्ट्रिक गाडी चालते. चार्जिंगला साधं सॉकेट पुरेल की 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा वेगवान चार्जर) बसवू?

साधं 16 अँपिअरचं सॉकेट तुम्हाला पुरतं. 40 किलोमीटरला साधारण सहा युनिट लागतात, ती अडीच-तीन तासांत भरतात. रात्री लावा, सकाळी गाडी तयार. वॉलबॉक्स तेव्हाच घ्या, जेव्हा पुण्याहून रात्री उशिरा परतून पहाटे पुन्हा निघायचं असतं. आणि गाडीचा आतला चार्जर 3.3 किलोवॅटचाच असेल, तर वॉलबॉक्सने वेग वाढणारच नाही. हे आधी बघा.

पैसे वायरिंगवर खर्च करा, ही माझी कळकळीची विनंती. मीटरपासून स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 30 मिलीअँपिअरचा आरसीबीओ (वीज गळली किंवा भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच). वॉलबॉक्सला 6 चौरस मिलिमीटरची वायर. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, तो तासन्‌तास तापतो.

अर्थिंग मात्र उन्हाळ्यात तपासून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक होते, मग पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग कमजोर पडतं आणि चार्जर एरर दाखवून थांबतो. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा. सॉकेट पश्चिमेच्या उन्हात नको.

वॉलबॉक्स ठरलाच, तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर आधी वाढवून घ्या.