वाचकांचे प्रश्न : ओढणाऱ्याची शिक्षा आणि विकणाऱ्याचे दुकान

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी जेवताना तो म्हणाला, की कॅनडाप्रमाणे आपल्याकडेही गांजा आणि तत्सम नशेचे पदार्थ कायदेशीर करायला हवेत. दारू चालते, तर हे का चालू नये? मला राग आला, पण उत्तर सुचले नाही. आपण अंमली पदार्थांचे खटले अनेक वर्षे चालवले आहेत, म्हणून आपल्याला विचारतो.
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : उत्तर सुचले नाही यात कमीपणा मानू नका, कारण मुलाचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. ‘कायदेशीर’ या एका शब्दात त्याने दोन निराळ्या मागण्या गुंडाळल्या आहेत. नशा करणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, ही पहिली. आणि नशेचा माल दुकानात मिळावा, ही दुसरी. पहिली मला मान्य आहे, दुसरी नाही.

आपल्याकडे गांजाबंदी तशी फार जुनी नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्या आयोगाने, संपूर्ण बंदी घालण्याची गरज नाही, परवाने आणि कर यांच्या आधारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर कित्येक दशके देशाच्या अनेक भागांत गांजा परवानाधारक दुकानात मिळत असे. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा आला तो १९८५ मध्ये, अंमली पदार्थांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन पाळण्यासाठी. या कायद्यात प्रमाणानुसार शिक्षा ठरते. ‘अल्प प्रमाण’ म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही रासायनिक नशेची भुकटी, अवघे २ ग्रॅम. गांजा २० किलोच्या वर गेला की १० ते २० वर्षे सक्तमजुरी होते आणि जामीन मिळणे जवळपास अशक्य होऊन बसते. अल्प प्रमाणातील गांजासाठी एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदावर ही शिक्षा सौम्य दिसते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या खिशात बारा ग्रॅमची पुडी सापडली होती. पंचांसमोर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती पुडी तोलली गेली, खाकी लिफाफ्यात घालून लाखेने सील झाली, नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल येईपर्यंत त्याच्या तारखांना वडील रजा टाकून येत आणि बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत. शेवटी मुलाने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि प्रकरण मिटले, असे आम्हा सर्वांना वाटले. दोन वर्षांनी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली, तेव्हा तीच बारा ग्रॅमची पुडी पुन्हा वर आली आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. त्या मुलाला व्यसन नव्हते, मात्र त्या काळात त्याला दारूचे व्यसन लागले. हे मी वकील म्हणून नव्हे, त्या बाकावर त्याच्या वडिलांशेजारी बसलेला माणूस म्हणून सांगतो.

कायद्यात यावर वाट नाही असे नाही. कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. हे कलम वकिलांच्या ओठी जितके असायला हवे तितके नसते. पोर्तुगालने २००१ मध्ये याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. साधारण दहा दिवस पुरेल इतका माल स्वतःसाठी बाळगणाऱ्याला तिथे फौजदारी न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जावे लागते, आणि गरज असेल तर ती समिती त्याला उपचाराकडे वळवते. विक्री मात्र तिथे आजही गुन्हा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानातून शिक्षा काढून टाकली, परंतु उपचारांची व्यवस्था उभी राहायला उशीर झाला, आणि २०२४ मध्ये त्या राज्याने बाळगणे पुन्हा गुन्हा ठरवले. शिक्षा एका सहीने काढता येते, उपचाराची खाट तशी उभी राहत नाही. आपल्याकडे तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अंमली पदार्थांच्या व्यसनी लोकांपैकी साधारण वीसांत एकालाच काही उपचार मिळालेले होते.

आता दुकानाकडे येऊ. मुलगा कॅनडाचे नाव घेतो. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगता येतो आणि वयाची अट बहुतेक प्रांतांत १९ वर्षे आहे, क्वेबेकमध्ये २१. कोकेन आणि हेरॉइन मात्र दुकानात मिळत नाहीत, हे त्याला जरूर सांगा, कारण ‘तत्सम पदार्थ’ म्हणून तो सगळेच एका पोत्यात भरतो. त्या पोत्यात एमडीही येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच शिंदे गावात मुंबई पोलिसांनी धाड घातली, तेव्हा सुमारे तीनशे कोटींच्या एमडीची बातमी वाचून नाशिककर हादरले होते. कारखान्यात रसायने मिसळून तयार होणारी ती भुकटी आणि शेतात उगवणारा गांजा यांना एकच नियम लावा, असे कॅनडाही म्हणत नाही.

पण मूळ अडचण दुसरीच आहे. नियंत्रित विक्री म्हणजे नियम पाळून केलेली विक्री, आणि ती आपण कशी करतो ते नाशिकमध्ये रोज दिसते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांना मिळतो, आणि बिअर व वाइनसाठी २१, तर इतर दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. आपण पंचविशीच्या आतल्या कुणाला काउंटरवरून परत पाठवलेले कधी पाहिले आहे का? मी पाहिलेले नाही. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि टपरीवाला नुसत्या नजरेने ओळखून पुडी काढून देतो. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी बदनाम आहे, ती अल्प्राझोलाम ही झोपेसाठी व चिंतेसाठी दिली जाणारी कायदेशीर गोळी आहे. तिची चिठ्ठी लागते, दुकानदाराने विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवायची असते, तरीही ती पोरांच्या हातात पोहोचते. अशा हातांत गांजाचे परवाने द्यायचे आणि वय तपासले जाईल असे धरून चालायचे, हे मला पटत नाही. कमी वयात रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकाराचा धोका वाढतो, म्हणून वयाचा प्रश्न इथे गौण नाही.

मुलगा यावर विचारेल, की मग बंदी तरी कुठे चालते? त्याचा मुद्दा खरा आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि अवैध दारू व गुन्हे वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये ती उठवली गेली. माझे उत्तर एवढेच, की बंदी असलेला माल लपून विकावा लागतो, आणि तेवढ्याने तो सर्वांच्या घरी जात नाही. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी आढळले होते. यात प्रथेचा वाटा आहे, पण दुकानाचाही आहे. शिवाय एकदा कर मिळू लागला की सरकार त्या उत्पन्नाला सरावते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, गल्लोगल्ली दुकाने उघडली आणि तीनच वर्षांत डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून तो आवरता घ्यावा लागला.

आपल्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही. मुलगा स्वतः ओढतो का, हे आपण विचारले आहे का? रागाने विचारलेत तर ‘नाही’ असेच उत्तर मिळेल. ‘हो’ म्हणाला, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि तिथे फोन केल्याने गुन्हा दाखल होत नाही.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात तपोवनात साधूंच्या चिलमी पेटतील. त्यांना कायदा लागू नाही का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : लागू आहे. एनडीपीएस कायद्यात धर्माच्या कारणासाठी सूट नाही, चिलमीतला गांजा हा गांजाच. गोंधळ होतो तो भांगेमुळे : भांग ज्यांपासून होते ती गांजाच्या झाडाची, शेंड्याशिवायची नुसती पाने या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, तो विषय राज्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो. साधूंवर कारवाई होत नाही ती कायद्यामुळे नव्हे, गर्दीमुळे आणि श्रद्धेमुळे. इंदिरानगरच्या त्या पालकांच्या मुलाला ही सवलत मिळणार नाही.