ओमानमध्ये बिदिया-इब्रा भागातल्या ओॲसिसमधल्या जुन्या गावांत बघण्यासारखं काय आहे? दोन दिवस पुरतील का?

पुरतील. मस्कतहून बिदिया गाडीने दोन-अडीच तास. पण लोक येतात, वाळूत जीप फिरवतात आणि गावात पाऊलही न टाकता परत जातात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

मी मूळचा साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातला, इथे ओमानमध्ये नोकरीला. एक ओमानी सहकारी मला बिदियाजवळच्या त्याच्या गावी घेऊन गेला होता. वाळूच्या टेकड्या संपतात तिथेच खजुराच्या बागा सुरू, आणि त्यातून पाट वाहतोय, कुठे पंपाचा आवाज नाही. त्याला फलज म्हणतात. गावापासून लांबवर मूळ विहीर, तिथून जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा, पाणी आपलं आपण गावात येतं. आधी पिण्याचं, मग मशीद आणि आंघोळीची जागा, मग खजूर, उरलं तर भाजी आणि चारा. वाटप वेळेवर, अर्ध्या तासाचा एक अथर, पूर्वी रात्री तारे बघून मोजायचे. सहकाऱ्याचे वडील घड्याळ घेऊन बांधावर बसले होते, पाळी संपली तशी त्यांनी स्वतःच्या बागेच्या तोंडाला दगड लावला, फटीत चिंध्या आणि चिखल कोंबला आणि शेजाऱ्याचं तोंड मोकळं केलं. शेजारी तर तिथे नव्हताच!

आमच्या भावकीत मी हेच सांगत होतो, विहीर सामाईक ठेवा, पाळी लावा. चुलतभाऊ म्हणाला, ज्याचा पैसा त्याची बोअर. मग प्रत्येकाने बोअर मारली, आता उन्हाळा लागला की टँकरची वाट बघतात. बिदियाकडे वर्षाला 100 मिमीच्या आसपास पाऊस, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट, तेव्हा पाऊस कमी आहे हे कारण मला कोणी सांगू नये. ओमानचे पाच फलज 2006 साली युनेस्कोच्या यादीत गेले ते उगाच नाही.

बघायचं म्हणाल तर इब्रात अल मुनिस्फा ही जुनी वस्ती आणि पुढे अल मुदैरिब गाव, पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाशी चालणाऱ्या व्यापारावर उभी राहिलेली व्यापाऱ्यांची घरं आणि टेहळणीचे बुरूज. या गावांतून उंटांचे तांडे सूर बंदराला जायचे. मब्सली जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवून मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात, आपली खारीक ती हीच, इथून गलबतांनी मुंबईला यायची. हे काम भर उन्हाळ्यात चालतं.

हां, सगळीकडे असं हिरवं नाही. जवळपास पंप लागले तिथले काही फलज आटलेत, बागा वाळल्यात, तरुण पोरं मस्कतला आणि बागेत राबणारे बरेचसे बांगलादेशी. लहान मुलं असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, खारीक उकळताना दिसली नाही तरी चालेल. आणि पाट गावात शिरतो त्या पहिल्या तोंडाशी हातपाय धुवू नका, ते पाणी प्यायचं असतं.