'हौशी' क्रिकेटपटू म्हणजे कच्चा खेळाडू?

प्रश्न असा आला आहे : सी. टी. स्टडच्या परिचयात 'केंब्रिजचा हौशी क्रिकेटपटू, चार वर्षं ब्लू' असं वाचलं. हौशी होता, तर इंग्लंडच्या संघात कसा? आणि हे ब्लू काय प्रकरण आहे?

इथला 'हौशी' खेळाची प्रत सांगत नाही, पैशाचा व्यवहार सांगतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये खेळायचे पैसे घेई तो प्रोफेशनल, न घेई तो अमॅच्युअर. अर्थात पैसे न घेणं परवडायला घरची सुबत्ता लागे, म्हणून हा भेद खरा वर्गाचा होता. अमॅच्युअर म्हणजे 'जंटलमन'. त्यांची ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळी. दोन्ही गटांमधला 'जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' हा सामना १८०६ मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये हा भेदच रद्द झाला तेव्हा थांबला. त्या काळचा सर्वांत गाजलेला इंग्लिश क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेससुद्धा नावाला अमॅच्युअरच, मात्र 'खर्चा'पोटी तो भरपूर पैसे घेई.

स्टड तर ईटन या श्रीमंतांच्या शाळेत शिकलेला, श्रीमंत घरातला. १८८० ते १८८३ तो केंब्रिजकडून खेळला, शेवटच्या वर्षी कर्णधार होता. १८८२ च्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळीही घेतले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध केंब्रिजकडून शतक ठोकलं ते याच वर्षी. ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ७ धावांनी हरलं, तेव्हा दुसऱ्या डावात दहाव्या क्रमांकावर आलेला स्टड एकही चेंडू न खेळता नाबाद राहिला. 'अ‍ॅशेस' या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या नावाची कथा याच पराभवातून जन्मली. १८८५ मध्ये ऐन उमेदीत तो मिशनरी होऊन चीनला गेला. अशा खेळाडूला कच्चा कोण म्हणेल?

तरीही 'हौशी' हा शब्द मला टाकवत नाही. हौशी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या संस्था मानधनावर जगत नाहीत, पण त्यांचे प्रयोग कसदार असतात, हे आपण जाणतोच. कच्च्यासाठी 'नवशिका' आहे. फक्त पहिल्या उल्लेखात 'मोबदला न घेणारा' एवढं जोडावं, म्हणजे गैरसमज टळतो.

आता ब्लू. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वार्षिक सामन्यात आपल्या विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला हा मान मिळतो. केंब्रिजचा रंग फिकट निळा, ऑक्सफर्डचा गडद. स्टड चारही वर्षं या सामन्यात खेळला. मराठीत 'ब्लू मिळाला' असंच लिहावं. 'निळा मिळाला' लिहिलं तर वाचणारा अडखळेल.