आधी गुप्तचर खात्यात काम केलेल्या माणसाला कंपनीने ग्राहकांचा संवेदनशील डेटा सोपवावा का?

सोपवायला हरकत नाही, पण फक्त "तो तिकडे होता म्हणजे एक्सपर्ट" एवढ्यावर नको, नोकरी सोडल्यानंतर त्याने कुणासाठी काय काम केलं ते आधी बघा. इंटरनेटवर आपली ओळख आणि वापर लपवून ठेवायची सेवा विकणाऱ्या एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीचं प्रकरण घ्या, सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं की तिथल्या गुप्तचर यंत्रणेत किंवा सैन्यात काम केलेल्या तिघांनी नंतर यूएईमधल्या एका कंपनीसाठी परवान्याशिवाय हॅकिंगचं काम केलं, फोनच्या मालकाने क्लिकसुद्धा न करता त्याच्या फोनमध्ये शिरता येईल अशी सिस्टीम तयार करायला मदत केली, आणि खटला टाळायला तिघांनी मिळून जवळपास 16.85 लाख डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातला एक, डॅनियल गेरिके, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनचा सीआयओ, म्हणजे मुख्य माहिती अधिकारी होता! कंपनी म्हणाली की त्याच्या आधीच्या कामाच्या मुख्य गोष्टी आम्हाला नोकरी देतानाच माहीत होत्या, हल्ला कसा होतो हे कळणारा माणूस बचाव चांगला करतो. मुद्दा खोटा नाही, पण मला सगळ्यात खटकतं ते हे की लोक प्रायव्हसीसाठी पैसे भरत होते आणि हे त्यांना बातम्यांतून कळलं. अर्थात ग्राहकांच्या डेटाचा त्याने गैरवापर केला असा आरोप त्या केसमध्ये नव्हता, आणि अशा खात्यांतून आलेले बरेच जण सरळ सिक्युरिटीचंच काम करतात. घ्यायचंच असेल तर एकट्याच्या हातात सगळा अ‍ॅक्सेस देऊ नका, प्रत्येक अ‍ॅक्सेसचा लॉग ठेवा आणि तो लॉग त्याच्या हाताखाली नसलेल्या माणसाने तपासायचा, ऑडिटही बाहेरच्याकडून.