विद्यार्थी विकास विभागात नव्याने आलेल्यांनी काम कुठून शिकावं, उपक्रम कुठून घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की शिकवण्याचं काम सोडून कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात आल्यावर हे काम शिकायचं कुठे, वर्षभराच्या उपक्रमांसाठी तयार साहित्य कुठे मिळतं, आणि वरिष्ठ फक्त फोटो आणि उपस्थिती मागत असतील तर काय करायचं. बहुतेक जण उपक्रमांपासून सुरुवात करतात, कारण वेळापत्रक भरायचं असतं. मी क्रम उलटा सांगेन. या वयात माणूस कसा बदलतो याची थोडी समज नसेल, तर शंभर उपक्रमांची यादी हाती येऊनही त्यातला आपल्या मुलांना कोणता हवा आहे ते कळत नाही.

या कामाचं लिखित ज्ञान मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत जमा झालं आहे. तिथल्या नास्पा (स्थापना १९१९) आणि एसीपीए (स्थापना १९२४) या दोन व्यावसायिक संघटनांनी मिळून २०१० मध्ये विद्यार्थी विभागातल्या माणसाला काय काय यायला हवं याचा एक दस्तऐवज केला आणि २०१५ मध्ये तो सुधारला. त्यात दहा क्षेत्रं आहेत: सल्ला आणि आधार, विद्यार्थ्यांचा विकास, मूल्यमापन, कायदा आणि धोरण, सामाजिक न्याय, तंत्रज्ञान वगैरे. प्रत्येकात पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन पायऱ्या आहेत. तो अभ्यासक्रमासारखा वाचू नका. फक्त पायाभूत पायरी घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर 'हे मी गेल्या महिन्यात नेमकं कुठे केलं' ते लिहा. जिथे लिहायला काही सुचणार नाही, तिथून तुमचं शिक्षण सुरू होतं.

शिक्षकी पेशातून आलेल्यांची सल्ल्याची बाजू सहसा बरी असते आणि कायदा-धोरणाची कोरी. ती आधी भरा, असं मी आग्रहाने सांगेन. एखादी मुलगी छळाची तक्रार घेऊन येते आणि म्हणते, "सर, कुणाला सांगू नका." तुम्ही मायेपोटी शब्द देता आणि मग कळतं की तुमच्या कॉलेजच्या नियमाप्रमाणे ही गोष्ट तक्रार समितीकडे कळवणं बंधनकारक आहे. विश्वास एकदा गेला की परत मिळवणं फार कठीण. म्हणून कोणती गोष्ट आपल्यापाशी राहू शकते, कोणती पुढे सांगावीच लागते आणि कुणाला, हे पहिल्या संभाषणाच्या आधी माहीत हवं. आणि विद्यार्थी बोलायला लागण्याआधीच ते त्याला सांगून टाकायला हवं.

सिद्धांतांचं नाव काढलं की लोक दचकतात, पण सुरुवातीला तीनच पुरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्ड यांनी १९६० च्या दशकात मांडलेली आव्हान आणि आधाराची कल्पना सगळ्यात उपयोगी. आव्हान झेपेनासं झालं की विद्यार्थी मागे सरतो, आधार गरजेपेक्षा जास्त मिळाला की आहे तिथेच राहतो. दोन्हींचं प्रमाण मुलागणिक वेगळं असतं, आणि एकाच मुलाचंही पहिल्या आणि शेवटच्या वर्षी वेगळं. समुपदेशनाच्या अभ्यासक नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी १९८९ मध्ये लिहिलं की नव्या ठिकाणी आलेल्या माणसाला सर्वात आधी हे जाणून घ्यायचं असतं की इथे आपण कुणाच्या लेखी महत्त्वाचे आहोत की नाही. स्वागत समारंभांना मी याच कसोटीवर पाहते. तीन तास भाषणं ऐकून बाहेर पडलेल्या मुलाचं नाव तिथे एकाही माणसाला माहीत झालं नसेल, तर तो समारंभ कितीही नेटका झालेला असो, त्याचं काम झालेलं नाही. तिसरे उच्च शिक्षणाचे संशोधक ॲलेक्झांडर ॲस्टिन, १९८४. विद्यार्थी शारीरिक आणि मानसिक शक्ती जितकी आणि जितक्या मनापासून एखाद्या गोष्टीत घालतो तितकं तो शिकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे खुर्चीत बसवलेल्या दोनशे मुलांपेक्षा तोच कार्यक्रम स्वतः उभा करणारी वीस मुलं जास्त शिकतात.

आता उपक्रम. तयार साहित्य भरपूर आहे आणि ते बिनदिक्कत वापरा, पण घेण्याआधी एक वाक्य लिहा: हे झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल? 'आर्थिक जागरूकता' हे उत्तर नाही. 'स्वतःच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता करून त्यातली एक गळती शोधता येईल' हे उत्तर आहे, कारण त्यावरून सत्राची रचना आपोआप ठरते: भाषण कमी, कागद-पेन्सिल जास्त. वेळेचंही भान ठेवा. परीक्षेच्या ताणावरचं सत्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठेवण्यात अर्थ नाही. अभ्यासाचं वेळापत्रक बदलता येईल इतका अवधी हातात असताना ते व्हायला हवं.

आणि सगळंच सभागृहात होत नसतं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांनी कार्यक्रमांची संख्या मोजणं सोडून वर्षभराची शैक्षणिक आखणी करायला सुरुवात केली, आणि त्यात ठरवून केलेल्या एकास एक गप्पांना मोठं स्थान दिलं. मजल्यावरच्या ज्येष्ठ विद्यार्थ्याकडे चार-पाच प्रश्न दिलेले असतात: झोप नीट लागते का, जेवायला कुणाबरोबर जातोस, कुठला विषय अंगावर येतोय, अडलं तर कुणाकडे जाशील. तो प्रत्येकाशी सवडीने बोलतो आणि काय जाणवलं ते थोडक्यात टिपून ठेवतो. आठ मुलांनी एकच अडचण सांगितली की पुढचा उपक्रम कोणता हवा ते वेगळं शोधावं लागत नाही. पैसे जवळजवळ लागत नाहीत. मात्र त्या ज्येष्ठ विद्यार्थ्याची तयारी करून घ्यावी लागते, आणि ती टिपणं कोण वाचणार हेही मुलांना आधी सांगावं लागतं.

त्या तयारीसाठी 'बंद दाराआड' म्हणून ओळखली जाणारी पद्धत फार चांगली आहे. जुने विद्यार्थी खोलीत एखादा प्रसंग वठवतात, दारू, रूममेटचं भांडण, रडणारी मुलगी, आणि तयारी करणारा नवा ज्येष्ठ विद्यार्थी दार ठोठावून आत जातो. खरी शिकवण नंतरच्या चर्चेत असते, तेव्हा नाट्याला दहा मिनिटं दिलीत तर चर्चेला वीस द्या. ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात असं काही घडलं आहे त्याला कारण न विचारता बाजूला बसू द्या. ही मुभा आधीच जाहीर करा.

बाहेरच्या एकाच प्रशिक्षणापुरते पैसे असतील तर मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचं घ्या. हा अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियात २००० मध्ये बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केला आणि आता अनेक देशांत चालतो. तो समुपदेशक बनवत नाही. धोक्याची चिन्हं ओळखणं, न्यायनिवाडा न करता ऐकणं आणि योग्य तज्ज्ञापर्यंत नेऊन पोचवणं, एवढंच शिकवतो. आपल्या खुर्चीला तेवढंच हवं असतं.

अमेरिकन साहित्यात एक मर्यादा सतत लक्षात ठेवा: त्यात मोठी निवासी विद्यापीठं आणि प्रत्येक कामाला वेगळा तज्ज्ञ गृहीत धरलेला असतो. एकट्याने सगळं सांभाळणाऱ्याला युनेस्कोने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेलं विद्यार्थी सेवांवरचं पुस्तक जवळचं वाटेल, कारण त्यात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे अनुभव आहेत. विद्यार्थी सेवांसाठी मानकं ठरवणाऱ्या कॅस या अमेरिकन संस्थेची (स्थापना १९७९) मानकं संपूर्ण विभाग तपासायला उत्तम, पण ती पुढे, विभागाची सूत्रं हाती आल्यावर.

यापेक्षाही मोठं साधन तुमच्या इमारतीतच आहे. पंधरवड्यातून एक तास सहकाऱ्यांबरोबर बसा. रेक्टर, ग्रंथपाल, समुपदेशक, जमल्यास रात्रीचे सुरक्षारक्षकही. एकच प्रसंग घ्या, नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून. आपल्याला काय माहीत होतं, काय आपण नुसतं धरून चाललो, कुणाला कळवायचं राहिलं, एवढंच विचारा. दोष कुणाचा हा विषय तिथे नको, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

राहिला वरिष्ठांचा प्रश्न. अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. उपस्थिती त्यातल्या पहिल्या पातळीतही बसत नाही. पण वरिष्ठांशी यावर वाद घालू नका. फोटो द्या, आकडा द्या, आणि खाली दोन ओळी जोडत जा: तीन आठवड्यांनी काही विद्यार्थ्यांना विचारलं, 'तेव्हापासून तू वेगळं काय केलंस?', त्यांनी हे सांगितलं. कुणापर्यंत आपण पोचलो नाही, तेही लिहा: रोज लांबून येणारे, नोकरी करून शिकणारे, कधीच सभागृहात न दिसणारे. पुढच्या सत्राच्या निधीची मागणी त्या ओळींच्या आधारावर करा.