वाचक विचारतात : जळवा, तुंबड्या आणि एक उंदीर

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवाला घेऊन मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो होतो. ‘ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकून त्याने विचारले, की रोग असा गावाबाहेर हाकलता येतो असे पूर्वीच्या लोकांना खरोखर वाटत होते काय? ‘ते अडाणी होते’ असे सांगून मी मोकळा झालो. परंतु मध्ययुगात युरोपातले विद्यापीठात शिकलेले वैद्यही तापाच्या रुग्णाचे रक्त काढीत, असे त्याने वाचले आहे. शिकलेली माणसे असे का करीत असावीत? – एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : आपण नातवाला दिलेले उत्तर सोयीचे आहे, पण बरोबर नाही. युरोपातला तो वैद्य भरपूर वाचलेला होता आणि त्याची अडचण बरीचशी त्या वाचनातूनच आली होती. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याने हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतले विचार एकत्र बांधले. त्यानुसार शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात. रक्त उष्ण व ओले, कफ थंड व ओला, पिवळे पित्त उष्ण व कोरडे आणि काळे पित्त थंड व कोरडे. त्यांचा तोल म्हणजे आरोग्य आणि तो ढळला की रोग. हीच मांडणी इब्न सिना (९८०–१०३७) याने आपल्या ‘कानून’ या ग्रंथात विस्ताराने केली, बाराव्या शतकात तोलेदो येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातले विद्यार्थी ते पाठ्यपुस्तक म्हणून वाचत राहिले.

हे एकदा मान्य केले, की ज्याचा चेहरा लाल झाला आहे, अंग भाजते आहे आणि नाडी उसळते आहे, त्याच्या शरीरात रक्त वाढले आहे असा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि ते थोडे काढणे हे दूध उतू जाऊ लागताच चूल मंद करण्याइतके साधे वाटते. रक्त गेल्यावर रुग्ण अशक्तपणाने शांत पडे. बरेचसे ताप काही दिवसांत आपसूकच उतरतात. श्रेय मात्र शीर उघडणाऱ्याला मिळे. रुग्ण दगावलाच, तर त्याचेही कारण तयार असे. शरीराचा कोणता भाग कोणत्या राशीच्या ताब्यात आहे, म्हणजे मेषेकडे डोके आणि मीनेकडे पावले, हे दाखवणारी चित्रे वैद्य बाळगीत असत, आणि चंद्र ज्या राशीत असेल तिच्या भागाला शस्त्र लावू नये असा नियम होता. त्यामुळे वेळ चुकली, असे म्हणता येई. जे शास्त्र रुग्ण जगला तरी खरे आणि मेला तरी खरे ठरते, त्याला सुधारण्याची गरजच भासत नाही. रक्त काढलेले किती वाचले आणि न काढलेले किती, हे मोजून पाहण्याचे काम पॅरिसमध्ये प्येर लुई या डॉक्टरांनी केले, तेव्हा १९ वे शतक उजाडले होते.

१३४७ ते १३५१ या काळातल्या प्लेगने या विद्येची कसोटी पाहिली. युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. फ्रान्सच्या राजाने १३४८ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय प्राध्यापकांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर आपल्या पंचांगवाचकांनाही ओळखीचे वाटेल : १३४५ च्या मार्च महिन्यात शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले आणि त्यामुळे हवा दूषित झाली. दूषित हवेवर धूर आणि सुगंध हे उपाय. आव्हिन्यों येथे पोप सहावा क्लेमेंट दोन मोठ्या अग्नींच्या मध्ये बसून राहिला आणि वाचला. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा आगीजवळ टिकत नाहीत, म्हणून चुकीच्या कारणासाठी केलेला हा उपाय कदाचित उपयोगी पडला असावा. इकडे ज्यूंनी विहिरींत विष घातले अशी अफवा पसरून फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गला त्यांना जाळण्यात आले. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, हे त्याआधीच याच पोपने फर्मान काढून बजावले होते. जमावाने ते ऐकले नाही.

तरीही नुसत्या अनुभवाने शहाणी झालेली माणसे होतीच. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रगुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक, शहराने १३७७ मध्ये रोगट भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि चाळीसच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ आला, जो २०२० मध्ये आपल्याकडे घरोघरी पोचला. रोगाचे कारण ठाऊक नसताना केलेला हा नियम कोणत्याही ग्रंथातून आलेला नव्हता.

प्रश्न : चोचीचा मुखवटा घातलेला प्लेगचा डॉक्टर मध्ययुगातलाच ना? – एक विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : नाही. तो पोशाख १७ व्या शतकातला आहे. चोचीत सुवासिक वनस्पती भरत, कारण दूषित हवेची समजूत तोवर टिकून होती.

प्रश्न : त्या काळात आपल्याकडे काय चालत असे? आयुर्वेदातही रक्त काढत होते, हे खरे काय? – एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : खरे आहे. सुश्रुताने रक्तमोक्षणाचे सविस्तर वर्णन केले असून त्यासाठी जळवा, शिंग, तुंबडी आणि शीर उघडणे असे मार्ग सांगितले आहेत. तुंबड्या लावणारे गेले. पैसे उकळणाऱ्याला आपण अजूनही ‘तुंबड्या लावतो’ असे म्हणतो. मात्र आपली विद्या त्या काळी गोठून गेली होती असे मानू नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण देवळांवरून हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्याने ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथावर टीका लिहिली. नाडीपरीक्षा, जी आज आयुर्वेदाची ओळखच मानली जाते, ती चरक-सुश्रुतांत नसून मध्ययुगातल्या शार्ङ्गधराच्या ग्रंथात सापडते. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या उपदंशाला १६ व्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’ने सरळ ‘फिरंग रोग’ असे नाव देऊन टाकले.

लोकांची समजूत वेगळी होती. अंगावर फोड उठले, की देवी आल्या असे म्हणत. मग औषध देणे म्हणजे पाहुणीचा अपमान. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, स्वयंपाकात फोडणी बंद होई. रुग्णाला त्यातून निदान विश्रांती मिळे. रोगाचे १९८० मध्ये जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, तरी दंडावरचा जुना वण दाखवताना आपल्या आजीच्या तोंडी शब्द ‘देवी’ हाच असतो.

आपल्याकडे मध्ययुग मुघल काळापर्यंत मोजतात, म्हणून एक प्रसंग सांगतो. १७ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तरेत प्लेग पसरला असताना आसफ खान या सरदाराच्या मुलीने सांगितलेली हकीकत बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. वाड्याच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा धडपडत आला. तिने दासीकरवी तो शेपटीने धरून मांजरापुढे टाकला. मांजराने तो तोंडात धरला आणि किळस येऊन सोडून दिला. मांजर आजारी पडले, मग दासीला ताप येऊन गाठ उठली व ती मेली, आणि पुढच्या आठ-नऊ दिवसांत त्या घरातली एकामागून एक माणसे गेली. उंदीर, मांजर, दासी आणि घर असा सगळा क्रम बादशहाने बिनचूक लिहून ठेवला. त्यात राहून गेलेली उंदराच्या अंगावरची पिसू पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत शोधून काढली.